अंगठा वर

मालवणच्या जेट्टीवर हंगामात सकाळी पाय ठेवायला जागा नसते. किल्ल्यावर जाणारे, डॉल्फिन बघायला निघालेले आणि स्कूबासाठी नाव नोंदवलेले असे सगळे एकाच रेटारेटीत उभे असतात. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्याच्या आसपासच्या खडकांवर आज दिवसभर माणसं पाण्याखाली जाऊन येतात. होडीवर काही मिनिटं सूचना, डोळ्यां-नाकावर मास्क, तोंडात रेग्युलेटर, आणि मग गाइड तुम्हाला धरूनच खाली नेतो. तुम्ही फक्त तोंडाने श्वास घेत राहायचं. सिलिंडर, जॅकेटमधली हवा, वर कधी यायचं, सगळं त्याच्या हाती.

आमच्या होडीवाल्याने माझ्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाला, “ताई, चेडवाक पण घेतव आमी. काय होवचा नाय.” त्याच्या बोलण्यात फसवाफसवी नव्हती. त्याची पोरं पाय फुटल्यापासून याच पाण्यात डुंबलेली असणार. माझी लेक मात्र पुण्यात वाढलेली, नुकतं आठवं वर्ष लागलेली. मी नको म्हटलं. ती दिवसभर फुरंगटून बसली, रात्री सोलकढीलाही हात लावला नाही. झोपताना मी तिला एवढंच सांगितलं की तुला समुद्राखाली जायचंय ना, मग गाठोड्यासारखं कुणाच्या हातात जायचं नाही. दहा वर्षांची झालीस की नीट शिकून जायचं.

दहा हा आकडा मी मनाने काढलेला नव्हता. पॅडी आणि एसएसआय या जगभर चालणाऱ्या दोन्ही मोठ्या प्रशिक्षण संस्था दहाव्या वर्षापासून मुलांना ज्युनिअर ओपन वॉटर हा पहिला पूर्ण अभ्यासक्रम करू देतात. पॅडीच्या नियमाप्रमाणे आठ वर्षांच्या मुलांसाठी बबलमेकर नावाची तोंडओळख असते, पण तीही जास्तीत जास्त दोन मीटर पाण्यात. दहा-अकरा वर्षांच्या प्रमाणपत्रधारक मुलांना १२ मीटरच्या खाली जाता येत नाही आणि सोबत प्रशिक्षक किंवा प्रमाणपत्र असलेले आई-वडील लागतात. बारा ते चौदाच्या मुलांना १८ मीटरपर्यंत मुभा, तीही प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या माणसाबरोबर. पंधराव्या वर्षी ते ‘ज्युनिअर’ गळून पडतं.

आपल्याकडे पालक हे आकडे शाळाप्रवेशाच्या वयासारखे वाचतात. दहा पूर्ण झाली ना, मग घाला. पण दहाव्या वर्षी दार उघडतं एवढंच. आत कधी जायचं ते त्या त्या मुलावर आहे. एकाच इयत्तेतल्या दोन मुलींपैकी एक दहाव्या वर्षी तयार असते आणि दुसरी चौदाव्या वर्षीही नसते, आणि त्यात दुसरीला काही कमी आहे असं नाही.

शरीराची बाजू आधी बघावी, कारण तिथे वाद घालता येत नाही. पुण्याहून आंबोलीमार्गे मालवणला जाताना घाटात कानाला दडे बसतात, आपण आवंढा गिळतो आणि ते सुटतात. तो सहाशे मीटरचा उतार उतरताना हवेचा दाब जितका वाढतो, तितका पाण्यात पाऊण मीटर खाली गेल्यावरच वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. म्हणून नाक दाबून हलकेच फुंकायचं आणि कान मोकळे करायचे, तेही दुखायला लागायच्या आधी आणि दर काही फुटांवर. मुलांच्या कानापासून घशापर्यंत जाणारी नळी मोठ्यांपेक्षा अरुंद आणि आडवी असते, सर्दी झाली की ती लगेच बंद होते. लेकीला पावसाळाभर नाक वाहण्याची सवय, म्हणून आम्ही आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कान तपासले, दमा, फिट, पूर्वीची कानाची शस्त्रक्रिया असं सगळं विचारलं आणि मला एक गोष्ट बजावली: सर्दी असताना नाक मोकळं करायची गोळी देऊन पाण्यात उतरवू नका. गोळीचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा कानात कोंडते, आणि वर तर यावंच लागतं.

दुसरी गोष्ट श्वासाची. इथे पोहण्यात पटाईत असलेली मुलं फसू शकतात. तलावात आपण त्यांना वर्षानुवर्षं शिकवतो की पाण्याखाली गेलं की श्वास धरायचा. स्कूबाचा पहिला नियम बरोबर उलटा आहे: श्वास कधीही धरायचा नाही. महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सचं पाकीट जसं टम्म फुगतं, तशी वर येताना फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास तसाच धरून कुणी वर आलं, तर ती हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही, दीड मीटरवरून घाबरून उसळी मारली तरी पुरतं. म्हणून ‘माझा मुलगा जिल्हा पातळीवर पोहतो’ हे उत्तर अर्धंच आहे. दोनशे मीटर पोहता यावं, दहा मिनिटं पाण्यावर तरंगता यावं, ही अट अभ्यासक्रमात असतेच. पण घाबरल्यावर मूल काय करतं? वरच्या दिशेने झेप घेतं, की थांबून शेजारच्याकडे बघतं? हे तलावाच्या फेऱ्या मोजून कळत नाही.

मला ते घरीच थोडं थोडं कळत गेलं. सायकलची साखळी निघाली तेव्हा ती रडली का, बसवायला बसली का. गर्दीत हात सुटला तेव्हा पळत सुटली, की ठरल्याप्रमाणे तिथेच उभी राहिली. ‘पाचव्या पायरीपर्यंतच जायचं’ म्हटल्यावर सहाव्या पायरीवर कोणी बघत नसताना पाय टाकते का. पाण्याखाली बोलता येत नाही, तिथे समजावून सांगायची सोय नसते. वर ठरलं ते खाली पाळणारं मूल हवं.

दहावं सरल्यावर पुढच्या हिवाळ्यात आम्ही अंदमानला गेलो. मराठी माणूस अंदमानात उतरला की आधी सेल्युलर जेलकडे वळतो, आम्हीही वळलो. सावरकरांच्या कोठडीसमोर लेक बराच वेळ गप्प उभी होती आणि बाहेर पडल्यावर तिने विचारलेल्या प्रश्नांना माझी उत्तरं पुरली नाहीत. तो वेगळा विषय आहे. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला पोहोचलो. २०१८ पासून बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं हे बेट, त्यामुळे बाजारात बंगाली कानावर पडते आणि ताटात मासे-भात येतो. डाइव्हच्या होड्यांवर कॅरेन लोक दिसतात. १९२५ साली ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून त्यांना इथे आणलं, पाण्यावरचे ते पक्के. आमच्या होडीवरचे काका नांगर न टाकता एका जागी होडी इतकी शांत धरून ठेवत की चढताना शिडी हलत नसे.

आमची प्रशिक्षक मुंबईची होती, तिशीतली. लेक तिला ताई म्हणायला लागली आणि माझं काम निम्मं झालं. ताईने पहिल्याच दिवशी मला सांगितलं, “काकू, तुम्ही तिकडे झाडाखाली बसा. मुलं पाण्यात आईचा चेहरा वाचतात.” माझ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र होतं, मी लग्नाआधीपासून डाइव्ह करते, तरी मी मुकाट्याने किनाऱ्यावरच्या समुद्रमहुव्याच्या सावलीत जाऊन बसले. तिथून जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

छातीभर पाण्यात गुडघे टेकून बसायचं, मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं, मग कपाळाशी मास्क दाबून नाकाने जोरात हवा सोडायची की पाणी खालून निघून जातं. मोठ्या माणसांचाही इथे धीर सुटतो, कारण नाकात पाणी शिरलं की शरीर ऐकत नाही. लेक खोकत वर आली, मास्क काढून फेकला आणि मोठ्याने म्हणाली, “मला नाही करायचं.” मी उठले नाही. ताईने ‘अगं, सोपं आहे’ म्हटलं नाही, ‘एकदाच कर’ही म्हटलं नाही. तिने मास्क उचलला, लेकीला गुडघाभर पाण्यात आणलं आणि दोघी तिथे बसल्या. ताईने ओंजळीने स्वतःच्या तोंडावर पाणी ओतलं, नाकातून फुर्र केलं. मग लेकीने ओतलं. मग एकमेकींच्या तोंडावर. मास्कचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने आपणहून मास्क भरला, रिकामा केला, पुन्हा भरला आणि पुन्हा रिकामा केला. पुन्हा करायची तिची इच्छा कुणी जागवली नव्हती, ती तिच्याच मनात उठली होती.

त्याच गटात एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. उंच, काटक, पोहण्यात लेकीच्या कितीतरी पुढे. वडील त्याच्याबरोबर कौतुकाने आलेले, दोघांनी एकत्र डाइव्ह करावी हे त्यांचं बरंच जुनं स्वप्न होतं. पण रोज सकाळी त्या मुलाच्या पोटात दुखायचं. होडीवर चढलं की मास्क घट्ट होतोय, मग सैल होतोय, मग लघवीला जायचंय. विचारलं की हसून ‘आय अ‍ॅम फाइन’. बारा-तेरा वर्षांचं मूल, त्यातही मुलगा, ‘मला भीती वाटते’ असं सहसा म्हणत नाही, त्याचं पोट बोलतं. ताईने तिसऱ्या दिवशी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की मी याला खोल पाण्यात नेणार नाही. वडिलांचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आलो, तिकिटं, फी, सगळं भरलेलं. त्यांचं दुःख खरं होतं आणि मुलावरचं प्रेमही खरं होतं. पण त्या क्षणी मुलाचे खांदे जे खाली आले, ते मी बघितलं. नंतर तो किनाऱ्यावर स्नॉर्कल लावून मजेत तरंगत होता आणि जेवायला दोन वेळा भात घेत होता.

मला वाटतं, मुलाच्या तयारीत सगळ्यात मोठी आडकाठी सहलच आणते. विमानाची तिकिटं सहा महिने आधी काढलेली, आजी-आजोबांना सांगितलेलं, शाळेत मैत्रिणींना सांगितलेलं. मुलाच्या ‘नको’ची किंमत आपण घर सोडायच्या आधीच इतकी चढवून ठेवतो की ते त्याला परवडत नाही. म्हणून निघायच्या आधी मी लेकीसमोरच सगळं आखलं होतं: राधानगरचा किनारा, काळापत्थरची सकाळ, मॅन्ग्रोव्हमधली कयाक, आणि जमलं तर डाइव्ह. सहल डाइव्हवर टांगलेली नव्हती.

पहिली खरी डाइव्ह निमो रीफवर झाली. जेट्टीपासून जवळच, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं, तळ हळूहळू खोल होत जातो. सिलिंडर रिकामाच चौदा किलोच्या आसपास असतो, लेक जेमतेम तीस किलोची, म्हणून तो पाण्यात नेऊन तिथे अंगावर चढवला. रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग लहान मापाचा मागून घेतला होता, नाहीतर जबडा दुखून मुलं मध्येच तोंड उघडतात. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, तरीही अंगात वेटसूट, कारण लहान शरीर पाण्यात पटकन थंड पडतं. ताई तिच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

तिघीच का, हेही सांगायला हवं. शिकताना प्रशिक्षक लागतेच, पण पुढे तिला प्रमाणपत्र मिळाल्यावर नियमाप्रमाणे आम्ही दोघी मायलेकीही जाऊ शकतो. पण डाइव्हमध्ये जोडीदार असतो तो एकमेकांना वाचवायला. तिला काही झालं तर मी आहे. मला काही झालं तर? मला चक्कर आली, पायात गोळा आला, तर दहा वर्षांच्या मुलीने साठ किलोच्या आईला ओढून वर आणायचं? हे ओझं मुलावर टाकायचं नाही. माझ्यापुरता हा नियम पक्का आहे: मूल सोबत असेल तर तिसरं जाणतं माणूस हवंच, ते परवडत नसेल तर ती डाइव्ह नको.

पाच-सहा मीटरवर गेल्यावर एक आवाज ऐकू आला, कुणी खडीसाखर चावतंय तसा. लेकीने माझा हात दाबला. समोर पोपटमासा प्रवाळ खरवडून खात होता, त्याच्या चोचीचा कुरुमकुरुम आवाज पाण्यातून थेट कानात येत होता. थोडं पुढे समुद्रफुलाच्या झुलत्या बोटांत नारिंगी-पांढरे क्लाउनफिश. त्यातली सगळ्यात मोठी मादी. ती मेली तर तिचा जोडीदार नरच मादी होतो, हे ताईने आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि लेकीने ते वहीत लिहून घेतलं होतं. ती मादी घर राखायला सरळ लेकीच्या मास्कवर चालून आली. हाताच्या बोटाएवढा मासा, आणि माझी मुलगी दोन फूट मागे! रेग्युलेटरमधून बुडबुड्यांचा लोटच्या लोट बाहेर पडला, म्हणजे ती हसत होती. पाण्याखाली हसणारं मूल श्वास धरत नाही. मी निश्चिंत झाले.

पण ती तयार आहे याची खात्री मला त्या दिवशी पटली नाही, ती नंतरच्या डाइव्हला पटली. होडीने जरा लांब गेलो होतो. पाणी निवळशंख, खाली प्रवाळाची शिळा दिसत होती, आणि ताईने आदल्या रात्री तिथल्या कासवाचं वर्णन केलेलं. चार मीटरवर लेक थांबली. तिने तळहात आडवा करून डगमगवला, मग कानाकडे बोट दाखवलं. ताईने अर्धा मीटर वर नेलं, थांबली, कान मोकळा करायला लावला. पुन्हा खाली. पुन्हा हात डगमगला. आणि मग लेकीने अंगठा वर केला.

जमिनीवर अंगठा वर म्हणजे ‘छान’. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच: वर चला, डाइव्ह संपली. डाइव्हिंगचा एक नियम मला सगळ्यात सुंदर वाटतो. कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता अंगठा वर करू शकतं आणि बाकीच्यांनी वर यायचंच. वाद नाही, ‘अजून दोन मिनिटं’ नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसालाही दहा वर्षांच्या मुलीच्या अंगठ्यासरशी वर यावं लागतं. आम्ही तिघी वर आलो.

होडीत चढल्यावर तिने पहिलं विचारलं, “आई, पैसे गेले?”

“गेले,” मी म्हटलं. “त्यात काय.”

“आणि कासव?”

“कासव काय, आपण नसताना पण तिथेच असतं.”

कॅरेन काकांनी तिला न विचारताच आल्याचा चहा दिला. ताईने लॉगबुकमध्ये त्या डाइव्हपुढे लिहिलं: कान दुखला, स्वतः ओळखलं, स्वतः सांगितलं, सावकाश वर आली. खाली सही केली. ती नोंद मला प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. कासव दिसायच्या आशेवर, दोन मोठ्या बायका सोबत असताना, पैसे भरलेले असताना, माझ्या मुलीने स्वतःच्या कानाचं ऐकलं आणि आम्हाला वर आणलं. याहून वेगळी तयारी मला ठाऊक नाही.

कान पूर्ण मोकळा होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही असं ठरलं. तेवढ्या वेळात राधानगरच्या किनाऱ्यावर वाळूचा किल्ला झाला. त्यानंतर उरलेल्या डाइव्ह झाल्या, तिला कार्ड मिळालं. एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं, म्हणून परतीच्या आदला पूर्ण दिवस कोरडा ठेवला होता. सहल आखताना बरेच जण हे विसरतात आणि मग शेवटच्या सकाळी घाईघाईने डाइव्ह उरकायला निघतात.

आता लेक मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जायचं म्हणते. मी अजून होकार दिलेला नाही. तिथे होडीचा प्रवास लांबचा, समुद्र उघडा, होडीतून थेट खोल पाण्यात उडी, आणि ओढ असते. अजून थोडं वय आणि अजून थोडं पाणी तिच्या अंगाखालून जाऊ दे. दरम्यान तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तलाव आहे, तिथे जाऊन सराव करता येतो. नवीन जागी जाण्याआधी सराव ताजा करावा, हे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागू आहे, कारण वर्षभरात त्यांची उंची, वजन, जॅकेटचं माप सगळं बदललेलं असतं.

तुमचं मूल मागे लागलं असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. मग डाइव्ह केंद्रात फोन करा आणि विचारा: प्रशिक्षकामागे किती मुलं असतात, लहान मापाचं सामान आहे का, ऑक्सिजन होडीवर असतो का, जवळचा रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हमध्ये झालेल्या इजेवर दाब देऊन उपचार करायची खोली) कुठे आहे, आणि मुलाने आयत्या वेळी नको म्हटलं तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना पलीकडचा माणूस हसला किंवा ‘आम्ही तयार करतो त्यांना’ म्हणाला, तर दुसरं केंद्र शोधा. डाइव्हच्या आदल्या रात्री मुलाला एकटं गाठून, फोन बाजूला ठेवून विचारा की उद्या जायचंय का. पैशांचं नाव काढू नका. ते ‘नको’ म्हणालं तर कारण विचारू नका, सकाळी त्याला स्नॉर्कल घेऊन द्या आणि गुडघाभर पाण्यात त्याच्याबरोबर तुम्हीही बसा.